डावीकडे बघायचं नाही

ग्रंथालयाच्या सभागृहात खुर्च्या चौदा, माणसं नऊ.
बाहेर ओळीनं काढून ठेवलेले गमबूट.
पडद्यावर जंगल उभं आहे,
आणि बराच वेळ नुसतं उभंच आहे.
मागे कोणीतरी खोकतं. नातू मोबाईल उपडा ठेवतो,
पुन्हा उलटून बघतो.
आजी, सिनेमा सुरू झाला का?
झाला रे. असाच आहे हा.

मग मी येते.
आठ वर्षांची, शिंगरासारखे पाय,
शहरातून आणलेला लाल स्कार्फ,
भावाच्या बुटांत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे
(ते मात्र पडद्यावर दिसत नाहीत).
धुकंही खरं नव्हतं. ओल्या गवताचा धूर होता तो,
डब्यात पेटवलेला; डोळे चुरचुरायचे.
लांडगा म्हणजे मूरी, दूधकेंद्रावरचा म्हातारा कुत्रा,
शॉट लागेपर्यंत झोपी जायचा.

काल्यु, दिग्दर्शक, माझ्यासमोर उकिडवा बसला.
खिशात कॅरमेल, नखांत माती.
म्हणाला, माल्ले, त्या उजवीकडच्या स्प्रूसमागे बघ.
तिथं कोणी नाही.
त्या कोणी-नाहीकडे बघत राहायचं, मी थांब म्हणेपर्यंत.

त्याला काय ठाऊक,
कोणी-नाही आमच्या घरचाच होता.

आई दर शनिवारी अर्धा काळा पाव फडक्यात बांधायची,
वर खारवलेल्या चरबीचा तुकडा, कधी काड्यापेटी.
कोणासाठी गं? कोणासाठी नाही.
रात्री दाराची कडी हलली. कोण होतं? कोणी नाही.
वर्दीतली माणसं चुलीतली राख चिवडत विचारायची,
जंगलात कोण आहे तुमचं?
आई हात पुसत: कोणी नाही.
मला वाटायचं, हे नावच आहे.
दाढीला धुराचा वास येणारं,
मला लाकडाची खार कोरून देणारं,
माझ्या जन्माआधीच्या युद्धातून परतून
गावात कधीच न शिरलेलं एक नाव.

तर कॅमेरा सुरू झाला.
मी उजवीकडे बघितलं.
आणि डावीकडे, बर्चच्या तीन खोडांपलीकडे,
तो आला होता.
जत्रेला यावं तसा.
वीस वर्षांत त्यानं इतकी माणसं एकदम पाहिली नव्हती,
जंगलात दिवे, तारा, थर्मासमधून निघणारी वाफ.
टोपी काढून हातात धरली होती त्यानं.

मी पापणी लववली नाही.
माझी नजर जिथं जाईल तिथं ते काळं भिंग जाईल,
एवढं मला कळत होतं.
मानेतली शीर ताठ. बुटांतला कागद भिजलेला.
चार मिनिटं.
पुढं कोणीकोणी लिहिलं या चार मिनिटांवर:
बालपणाची आदिम भीती, न दाखवता दाखवलेला लांडगा.
काल्यु तर रडलाच. खिशातली सगळी कॅरमेल मला दिली.

आज प्रत धुऊनपुसून स्वच्छ केली आहे म्हणे.
शेवाळावरचं पाणीही दिसतं.
मी पहिल्यांदाच डावीकडे बघते.
चौकटीच्या अगदी काठाशी
काहीतरी करडं, उभं.
फांदी आहे, नातू म्हणतो.
असेल.
फांदीनं टोपी छातीशी धरली आहे.

त्या हिवाळ्यात फडकं तसंच परत आलं,
पाव गोठून दगड झालेला.
आईनं तो कोंबड्यांना घातला नाही, आम्हालाही दिला नाही.

दिवे लागतात. ग्रंथपाल बाई माइक पुढे करते,
त्या शॉटमध्ये तुम्ही नेमकं कोणाकडे बघत होतात?
जीभ सवयीनं वळते आणि उत्तर देऊन मोकळी होते.
लोक हसतात, टाळ्या वाजवतात.
नंतर वाटतं, निदान आज तरी...
पण बाईनं माइक गुंडाळायला घेतलेला,
मागे पडद्यावर नावं अजून वर सरकतायत,
प्रकाश, ध्वनी, धूर, चहापाणी,
मूरीचंसुद्धा आहे नाव,
आणि नातू माझे गमबूट शोधायला निघून गेलेला.